टुकटुकबाई आणि बोलके डबे

दुकानात तिला सगळे टुकटुकबाई म्हणत, कारण तिच्या काउंटरवरचं यंत्र क्षणभरही गप्प बसत नसे. कुणी सहा डबे आणले, की ती एकच डबा हातात धरून त्याच्यावरच्या काळ्या पट्ट्या यंत्राला सहादा दाखवायची आणि बाकीचे पाच डाव्या हाताने पुढे ढकलायची. ‘एका भावाचं तोंड पाहिलं की सगळी भावंडं कळतात,’ हे तिचं शास्त्र.

मग पट्ट्या गेल्या आणि डब्यांवर बारीक ठिपक्यांचे चौकोन आले. मॅनेजरने सगळ्यांना समोर उभं करून समजावलं, “पट्ट्या एवढंच सांगायच्या, की मी दही आहे. हा चौकोन सांगतो, मी कुठल्या खेपेचं दही आहे आणि मला कधीपर्यंत खायचं. तारीख उलटलेली असेल तर यंत्र लाल होऊन ओरडेल, डबा घेणारच नाही. म्हणून प्रत्येक डबा वेगळा दाखवायचा.”

“म्हणजे आता डब्यांच्या मुलाखती घ्यायच्या?” टुकटुकबाईने विचारलं.

हसू ओसरल्यावर मॅनेजर म्हणाला, की कोपऱ्यातल्या काउंटरला खुर्ची बसवलीय. या आठवड्यात जिची रांग भराभर हलेल, तिला ती मिळेल.

टुकटुकबाईचे गुडघे संध्याकाळपर्यंत बोंबलायचे. तिच्या तोडीची एकच होती, शेजारच्या काउंटरवरची तिची धाकटी जाऊ. ती बिचारी एकेक डबा फिरवून चौकोन शोधत बसायची. टुकटुकबाईने मात्र जुनं शास्त्र सोडलं नाही. तिने मनातल्या मनात खुर्चीवर गादीसुद्धा घातली होती.

शेवटच्या दिवशी सासूबाई दही घ्यायला आल्या. प्रत्येक वस्तूवर चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या पिशवी उघडत नसत. टुकटुकबाईच्या डोक्यात किडा वळवळला.

“आई, इथे कशाला ताटकळता? धाकटीची रांग बघा, मोकळी आहे.”

सासूबाई तिकडे वळल्या. धाकटीने दोन डबे दाखवले, तिसऱ्याला यंत्र लाल होऊन किंचाळलं. रांग थांबली, माना उंचावल्या. टुकटुकबाईला गालातलं हसू आवरेना.

“याची तारीख महिन्यापूर्वीच गेलीय, आई,” धाकटी म्हणाली. “कुठून काढलात?”

“मागून! ताजं मागेच लपवतात, मला काय माहीत नाही?” सासूबाई म्हणाल्या आणि एकदम थबकल्या. “अगं, पण कालही मी मागूनच काढले होते. सहा डबे. थोरलीच्या रांगेत तर एकही ओरडला नाही!”

मॅनेजर मालाच्या फळ्यांमागून हळूच पुढे आला. टुकटुकबाई पिशव्या मोजण्यात फार गढून गेली.

“तरीच म्हटलं,” सासूबाईंचा आवाज चढला, “माझा थोरला सकाळपासून संडासाचं दार का सोडत नाही!”

सगळी रांग खो खो हसली. मॅनेजरला विचारायला काही उरलं नाही. खुर्ची धाकटीला मिळाली.

घरी नवरा पोट धरून पडला होता. “दही ताजं होतं ना गं?”

“होतं की,” ती म्हणाली. “जरा आधी.”

दुसऱ्या दिवशी ती प्रत्येक डबा वेगळा दाखवत होती. गती गेली होती, गुडघ्यांचं बोंबलणं तेवढं उरलं होतं. दुपारी धाकटी जवळ आली. “ताई, जेवणानंतर रोज तुम्ही माझ्या खुर्चीवर बसा. पण एक अट आहे.”

“बोल बाई.”

“आईंना पुन्हा माझ्या रांगेत पाठवायचं नाही.”

“मग पाठवू कुठे?”

तेवढ्यात सासूबाई भरलेली टोपली घेऊन काउंटरकडे येताना दिसल्या. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं, मग मॅनेजरच्या खोलीकडे.

“आई,” टुकटुकबाईने गोड आवाजात हाक मारली, “आता चौकोनांचं सगळं साहेब स्वतः समजावून सांगतात हं. दार वाजवायची गरज नाही.”

आणि ती खुर्चीत ऐसपैस बसली.