सगळ्यांनंतर गाणारी बाई

ते गाणं कोणत्या भाषेतलं होतं हे मला अजून माहीत नाही. ताई म्हणाल्या होत्या, दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ भाषा आहेत, त्यातली एखादी असेल. एकही शब्द मला कळला नाही. पण त्या रेकॉर्डचं जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि बोलून दाखवायला कुणी नाही म्हणून लिहिते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. चुकलं तर चुकलं, वाचणारी मीच आहे.

तेव्हा आम्ही दोह्याजवळ मुऐदरला राहत होतो. ताई आणि साहेब नाशिकचे, दोघंही नोकरीला. त्यांची मुलगी आठ वर्षांची. मी सिन्नरकडची, त्यांच्याकडे स्वयंपाकाला आणि मुलीला सांभाळायला. व्हिला मोठा होता, पण मालकाने आत भिंती घालून त्याचे चार भाग केले होते. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारची बसायची खोली यांच्यामध्ये पुठ्ठ्यासारखी पातळ भिंत होती. पलीकडे दक्षिण आफ्रिकेचं एक वयस्कर जोडपं राहायचं. तो स्टेडियमच्या कामावर, ती घरी. संध्याकाळी मी चपात्या करायला घेतल्या की पलीकडे रेकॉर्ड लागायची.

आधी मला वाटलं, कुणी आपल्याकडचंच लावलंय. जत्रेत पत्र्याची शिट्टी विकणारा चालता चालता वाजवतो तशी शिट्टी, आणि मागे एकच ठेका, थांबायचं नाव नाही. दुसऱ्या एका रेकॉर्डमध्ये बायका गायच्या आणि मध्येच एक पुरुष खोल, घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणायचा, रेडा हुंकारल्यासारखा. बायका त्याला उत्तर द्यायच्या. आमच्याकडे भोंडल्याला एकीने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, तसं. गाणं सुरू व्हायच्या आधी चरचर आवाज यायचा. पहिले काही दिवस तो ऐकून मी गॅसकडे वळून बघायची, फोडणी तर करपली नाही ना.

ओळख झाली ती डब्यामुळे. होळीला मी मुलीच्या हाती पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत आला तो आपल्या उकडीसारख्या मक्याच्या घट्ट पिठाने भरून. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये हे मला आईने शिकवलेलं, तिला कुणी शिकवलेलं कोण जाणे. मग मी थालीपीठ दिलं, तिने शेंगा दिल्या. दोघींपैकी कुणालाच थांबता येईना. साहेब म्हणायचे, आपल्या घरात मावशींनी परराष्ट्र खातं उघडलंय.

आमचं बोलणं मुलीच्या मार्फत चालायचं, आणि तेही एकाच बाजूने. मुलीला मराठी सगळं कळतं, पण बोलते ती इंग्रजी. त्यामुळे मी म्हटलेलं ती त्या बाईंना नीट सांगायची. बाईंनी म्हटलेलं मला सांगायची तेही इंग्रजीतच, तेच पुन्हा, जरा मोठ्याने. ताई ऑफिसातून आल्या की मला उत्तर कळायचं. सकाळी विचारलेल्याचं उत्तर रात्रीच्या जेवणाला.

एकदा बाईंनी मला हाताला धरून आपल्या घरात नेलं आणि एक लहान रेकॉर्ड लावली. लाल कागद, मधोमध मोठं भोक. चार बायका गात होत्या. तिघी वर चढायच्या, चौथी खाली राहायची, आणि तिघींचं संपलं की ती एकटीच शेवटची ओळ धरून हळूहळू सोडून द्यायची. ती ओळ आली की बाई बोट वर करायच्या. मग भिंतीवरच्या फोटोकडे दाखवायच्या. फोटोत डोक्याला फडकं बांधलेली एक म्हातारी होती. ती त्यांची आई, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. बाकीचं रात्री ताईंनी सांगितलं. त्या आईने तरुणपणी तेवढं एकच गाणं दिलं होतं, रेकॉर्डवर तिचं नावसुद्धा नव्हतं, आणि आता आईचा आवाज तेवढाच उरला होता. साहेबांनी हौसेने मोबाईलवर शोधून पाहिलं. त्या काळची बाकी पुष्कळ गाणी सापडली, ते नाही सापडलं.

त्यानंतर ते गाणं लागलं की माझं लाटणं आपोआप हळू व्हायचं. शेवटची ओळ येईपर्यंत एक चपाती लाटून व्हायची, आणि ती ओळ संपता संपता तव्यावर पडायची. मी कधी मोठ्याने गायले नाही. तोंड मिटूनच.

जुलैत, तिथल्या भर उन्हाळ्यात, बाईंच्या नवऱ्याला अचानक झटका आला. त्याला झोपवूनच विमानाने मायदेशी नेणार होते आणि बाईंना सोबत जायचं होतं. सामान नंतर कंपनीची माणसं बांधून पाठवणार होती. जायच्या सकाळी त्या दारात आल्या. एका खांद्याला औषधांची पिशवी, हातात ती लाल कागदाची रेकॉर्ड. माझ्या हातात देऊन त्यांनी तळवा आडवा धरून दाखवला, म्हणजे उभी नको, आडवी ठेव. मग त्या बरंच काही बोलल्या. मुलीने तेच मला इंग्रजीत सांगितलं. मी नुसती मान हलवत राहिले.

रात्री ताईंनी मुलीकडून काढून घेतलं. सामान बांधणाऱ्यांवर बाईंचा भरवसा नव्हता, आणि स्वतःच्या धावपळीत हातून पडेल अशी भीती होती. बाईंची मुलगी मॅच बघायला दोह्याला येणार आहे, तिच्या हाती ती रेकॉर्ड द्यायची. "अजून काही म्हणाल्या का गं?" ताईंनी मुलीला विचारलं. मुलीने खांदे उडवले. मी रेकॉर्ड माझ्या गादीखाली आडवी ठेवली. रोज रात्री हात घालून बघायची.

महिनाभरातच मालक आला. रस्त्यांवर झेंडे लागले होते, भिंतींना रंग चालला होता, सगळीकडे वर्ल्ड कपचंच. पाहुण्यांना घरं द्यायची होती. चारही भाग रिकामे करा म्हणाला. साहेब त्याच्याशी तासभर बोलले. तो हसत हसत एकच म्हणत राहिला, खलास. ताई रडल्या. मग साहेबांनी दुसरीकडे लहान फ्लॅट बघितला.

सामान न्यायला पिकअप आला. रेकॉर्ड मी गोधडीच्या घड्यांमध्ये घातली आणि ती घडी मांडीवर घेऊन साहेबांच्या गाडीत बसले. गाडीत टीव्ही चढवायचा होता. साहेब चांगले आहेत, चिडले नाहीत. म्हणाले, "मावशी, गोधडीत आहे ना? मग फुटायची काय भीती? द्या ती पिकअपमध्ये." मी त्यांच्यासमोर कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले, की राहू द्या साहेब, मी खाली पायाशी धरते. ते म्हणाले, पायाशी जागा कुठे आहे. आणि खरंच नव्हती. मी गोधडी दिली.

तसं मलाही वाटत होतं की गोधडीत ती सुरक्षित आहे. फुटते हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हाने वाकते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. नव्या फ्लॅटची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस इन्शाल्ला इन्शाल्ला करत संध्याकाळी उगवला. तोवर पिकअप रस्त्यावर उभा होता. वर ताडपत्री नाही, आणि ऊन ऑगस्टचं.

रात्री गोधडी उलगडली. एकीकडची कड वर आली होती, तळताना पापड मुरडतो तशी. गोधडी आतून अजून गरम होती. ताईंनी मोबाईलवर वाचून सांगितलं, वजनाखाली ठेवा. पिठाचा मोठा डबा मी तिच्यावर ठेवला. आठवडाभर पीठ काढायचं तरी भीती वाटायची, वजन कमी होईल म्हणून. कड जराशी खाली आली, मग तिथेच राहिली. ताईंनी बाईंच्या मुलीला मेसेज करून सगळं कळवलं. तिचं उत्तर आलं, तरी मी येते.

मॅच सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी ती आली. उंच, आईसारखंच कपाळ. दुपारची वेळ, ताई-साहेब दोघंही कामावर, घरात ताईंची मुलगी आणि मी. खाली गाडीत तिची मैत्रीण थांबली होती. मी रेकॉर्ड दिली. तिने ती खिडकीशी नेऊन डोळ्यांसमोर आडवी धरली आणि कडेवरून बोट फिरवलं. बोट वर गेलं, खाली आलं. मी मुलीला म्हटलं, "तिला सांग, मावशी म्हणते मला माफ कर." मुलीने सांगितलं. तिने मानेने नाही म्हटलं.

मग ती गुणगुणायला लागली. त्या तिघींची ओळ, वर चढणारी. चढत चढत गेली आणि थांबली. पुढे तिला येत नव्हतं. तिने माझ्याकडे बघून बोट वर केलं, आई करायची अगदी तसं.

भाषा लागली नाही. ती काय मागते आहे ते मला कळलं. तिच्या आईने तिला सांगितलं असणार, भिंतीपलीकडची ती बाई ऐकायची. पंखा बंद केला, पाणी प्यायले. ताईंना फोन लावला, उचलला नाही. शेवटी मी तिच्याकडे पाठ करून ओट्याशी उभी राहिले, लाटणं हातात घेतलं, आणि पोळपाटावर रिकामंच फिरवलं. मग ती ओळ आली. बारीक, कापरी, पण आली. तिने मोबाईल पुढे धरला आणि पुन्हा म्हणायची खूण केली. मी पुन्हा म्हटली.

तिने ते लावून ऐकलं. त्या मोबाईलमधून माझा आवाज आला आणि मला कुठे तोंड लपवावं कळेना. ऐकून तिने मुलीला काही विचारलं. मुलीने मला विचारलं, इंग्रजीत. मी म्हटलं, सांग, मला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, सावकाश. खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, रेकॉर्ड छातीशी धरली आणि गेली. मी करून ठेवलेला चिवड्याचा डबाही तिने नेला.

रात्री ताईंनी मुलीला विचारून मला प्रश्न सांगितला. "ती विचारत होती, आजी असंच गायची, की हे तुमचं आहे?"

मी पीठ मळत होते. मनात ती ओळ म्हणून पाहिली. परत म्हणून पाहिली. दर खेपेला माझ्याच लाटण्याचा ठेका येत होता. पलीकडचं काही ऐकू येईना.

"मग मावशी? काय कळवू तिला?" ताईंनी मोबाईल हातात घेतला.

मी म्हटलं, "ती सगळ्यांनंतर गायची, एवढं नक्की कळवा."