भाऊजींच्या हातची नाचणी

मुक्ताचा फोन सकाळीच आला. "मावशी, बाबा उठत नाहीयेत गं..." एवढंच बोलली. नौपाड्यातून डोंबिवलीला पोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं, माझे भाऊजी गेले. झोपेतच. कुणाला त्रास न देता जाणं त्यांच्या स्वभावाला धरूनच होतं. पण त्याचं समाधान अजूनही वाटत नाही.

माझी ताई गेली तेव्हा मुक्ता जेमतेम चार महिन्यांची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. भाऊजी शहाडला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. बाटलीच्या दुधावर पोर तगली, पण सहावा महिना सरला तरी अंग धरेना. त्यांची बहीण नाशिकहून आली आणि मुक्ताला घेऊन जाते म्हणाली. "पुरुषमाणसाला हे जमायचं नाही रे, दादा." भाऊजींनी तिच्याकडून थोडे दिवस मागून घेतले.

डॉक्टर म्हणाले, दूध चालू ठेवा, पण आता वरचं अन्न हवं. भाताची पेज, मुगाचं मऊ वरण, नाचणीचं सत्त्व; एका वेळी एकच नवा पदार्थ. मी तेव्हा कॉलेजात, मला धड कुकर लावता येत नव्हता. माझी आई शिकवायला येऊन राहिली, सोबत मीही. पेज मुक्ताने थुंकली, वरण हनुवटीवरून ओघळलं. भाऊजी तोंड पुसायचे, पुन्हा कालवायचे, पुन्हा चमचा पुढे करायचे.

मग नाचणी. भिजवून, मोड आणून, वाळवून दळून आणली. आई म्हणाली, "पीठ कापडातून गाळायला हवं, अविनाशराव. कोंडा बाधेल तिला. धुवून धुवून मऊ झालेलं सुती काही आहे का घरात?"

भाऊजींची नजर आतल्या खोलीकडे गेली. ताईच्या कपाटाला ते कुणाला हात लावू देत नसत. आईच्या ते लक्षात आलं. "राहू द्या, मी घरून आणते."

"नको. आहे."

ते आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते ताईची रोजची निळी साडी घेऊन. पदर त्यांनी स्वतःच फाडला. आईने तोंड फिरवलं. भाऊजी मान खाली घालून पीठ गाळत राहिले.

मुक्ताने पहिला घास तोंडात घोळवला, गिळला, आणि पुन्हा आ केला. "सुमा, खाल्लं गं तिने," भाऊजी म्हणाले आणि वाटी माझ्या हातात देऊन गॅलरीत गेले. त्यांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच.

नाशिकची बहीण पुन्हा आली, भाचीचे भरलेले गाल पाहिले आणि तिला न्यायचा विषय तिने काढला नाही. भाऊजींनी दुसरं लग्न केलं नाही. मुक्ता त्यांच्याच हातचं खाऊन मोठी झाली, नोकरीलाही लागली.

तेराव्यानंतर मी तिच्याकडे राहिले. संध्याकाळी दिवा लावून तिने दार नुसतं लोटून घेतलं.

"कडी नाही लावत?" मी विचारलं.

"बाबा कामावरून दमून येतात ना, त्यांना बेल वाजवत उभं राहायला नको म्हणून..." बोलता बोलता ती थांबली.

आम्ही जेवलो, ओटा आवरला. कडी लावायला दोघींपैकी कुणीच उठलं नाही.