झरीचे एकशे चार

कप्तान गेला त्याला आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी चार वेळा कागद पुढे ओढला आणि चारही वेळा उठून अंगणात फेऱ्या मारल्या. लिहायचं आहे ते एका पानाबद्दल. ते पान माझ्याकडे आहे आणि त्यावरचं अक्षरही माझंच आहे.

सगळी परभणी त्याला कप्तानच म्हणायची. पुढे तो निवडणुका जिंकला, पुढारी झाला, तरी दुसरं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. मी शाळेत मास्तर, आणि त्याच्या क्रिकेटच्या संघाचा धावा लिहिणारा. मला खेळता येत नसे. वही मात्र मी नीट ठेवी. म्हणून तो मला मुन्शी म्हणे.

ते दिवस निजामी अमलातले. आमचं मैदान म्हणजे काळं रान. उन्हाळ्यात भेगा अशा पडत की चेंडू आत गेला तर हात कोपरापर्यंत घालावा लागे. मधल्या पट्टीवर मुरूम ठोकून काथ्याची चटई खिळ्यांनी ताणायची, ते काम कप्तान स्वतः करी. खिळा वाकडा गेला की उपटून पुन्हा मारी.

संघात एक रीत होती. कुणी पन्नास केले की त्याला टांग्यात बसवून, पुढे ताशा लावून बाजारातून फिरवायचं. सामना बाहेरगावी झाला तरी रीत चुकत नसे. खबर आधी पोचे आणि टांगा नाक्यावर उभा असे. टांगेवाला ठरलेला. शंभर मात्र कुणाचेच झाले नव्हते. टांगेवाला कप्तानला दर वेळी म्हणे, "शंबर करा ओ एकदा. घोड्याला झूल शिवून ठिवलीय. उंदरं खायच्या आत करा."

एकदा पूर्णेला रेल्वेवाल्यांशी सामना होता. कप्तान अठ्ठ्याऐंशीवर खेळत होता. एक चेंडू बॅटजवळून यष्टीरक्षकाच्या हातात गेला. ते सगळे ओरडले. पंचांनी मान हलवली, नाबाद. पंच त्यांचेच, रेल्वेतले. तरी कप्तान बॅट काखेत मारून चालू लागला.

आमचा वेगवान गोलंदाज पॅड बांधून बसला होता. तो उठून ओरडला, "अरे, अंपायर नहीं बोल रा ना! तू कायकू आ रा?"

"मला ऐकू आलं ना," कप्तान म्हणाला, "बॅटला लागल्याचं."

"तेरे कान काट डालना!"

मी वहीत झेल लिहिला आणि समासात बारीक अक्षरात टीप केली : पंच, नाबाद. स्वतः गेला.

पुढे तो गोलंदाज पोलिसात लागला, बदल्या होत होत अमीन, म्हणजे फौजदार, होऊन परभणीला परतला. कप्तान दुसरीकडे वळला होता. संस्थानात सभा घ्यायची तर आधी इजाजत लागे, आणि ती मिळत नसे. एके दिवशी चटई गुंडाळता गुंडाळता तो मला म्हणाला, "सभेला इजाजत न्हाई, मॅचला हाय. मग मॅचच घेऊ की."

असं त्याचं राजकारण सुरू झालं. गावात जायचं, चटई अंथरायची, तासभर खरंच खेळायचं. लोक कडेला बसत. जेवणाच्या सुट्टीत कप्तान त्यांच्यात जाऊन बसे आणि बोले. आवाज न चढवता, क्षेत्ररक्षकाला जागा सांगावी तसं बोले. पण खेळ कमी होत गेला आणि सुट्टी वाढत गेली. मला ते बरं वाटत नव्हतं. निजामाविरुद्धची चळवळ पटत होती. वहीत पानं अर्धी राहत होती ते सहन होत नव्हतं.

झरी गावी तर खेळ झालाच नाही. आजूबाजूच्या वाड्यांवरून एवढी माणसं आली की चटई त्यांच्याच बुडाखाली गेली. एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन आला होता. तो म्हणाला, "आमी मॅच बघाय आलाव. तुमी तर नुसतं बोलायलाय."

"ह्यात बी एक संघ बाद व्हायचाय, मामा," कप्तान म्हणाला. लोक लय हसले.

परतताना बैलगाडीत तो म्हणाला, "मुन्शी, अमीन वही मागवणार. इजाजतीत अट हाय तशी. डाव लिहून टाक."

"किती लिहू?"

"तुझ्या मनाला येईल ते लिही."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लिहायला बसलो. सलामीचे दोघं सात आणि अकरावर काढले. यष्टीरक्षकाला शून्यावर पाठवला, तो तसाच होता. कप्तानला बारावर त्रिफळाचीत करायचं ठरवलं होतं. बारा झाले. पेन्सिल थांबेना. एक चौकार लिहिला, दोन धावा लिहिल्या, पुन्हा चौकार. पूर्णेचे अठ्ठ्याऐंशी मागे पडले. मला त्याला बाद करवेना. एकशे चार, नाबाद. बेरजा दोनदा तपासल्या, गोलंदाजांची षटकं जुळवली. चूक कुठेच नव्हती.

अमीन शाळेतच आला. वही घेऊन बाकावर बसला आणि खेळाडूच वाचतो तसं बोट फिरवत वाचू लागला. कप्तानच्या ओळीवर बोट थांबलं.

"सौ किया इसने?"

"हो."

"झरीला?"

"हो, साहेब."

त्यानं बोट तिथंच ठेवलं. मग हळू म्हणाला, "और टांगा नहीं निकला?"

अख्ख्या परभणीला जी झूल माहीत होती ती माझ्या लक्षात आली नव्हती.

वही मिटून त्यानं माझ्या हातात दिली. "मुन्शी, आशिक तू पक्का है. चोर कच्चा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानला घरून नेलं. तो वळकटी खांद्यावर टाकून निघाला; वाटेत मी दिसलो तेव्हा हात वर केला. मला कुणी हात लावला नाही. तो सुटला तेव्हा संस्थान हिंदुस्थानात आलं होतं. भेटल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं, "किती लिहिलेस रे मला?"

"एकशे चार."

"नाबाद?"

"नाबाद."

तो इतका हसला की खोकला लागला. अमीन काय म्हणाला ते मी सांगणार होतो. तो हसत होता, म्हणून राहिलं. नंतरही राहिलंच.

मग निवडणुका आल्या. कार्यकर्ते ओळख करून देताना म्हणू लागले, झरीला शंभर ठोकून तुरुंगात गेलेले आपले कप्तान. पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून हसला. पुढं हसायचाही थांबला. नमस्कार करून माईक हातात घेई. पूर्णेला पंच नाबाद म्हणत असताना चालत आलेला माणूस हा, असं मनात येई, आणि मी दुसरीकडे बघे. खोटं माझं होतं. त्याला काय म्हणणार?

तेराव्यानंतर शोकसभा झाली. वक्त्यानं झरीचं शतक काढलं आणि म्हणाला, "मास्तर इथंच आहेत. ते पान वाचून दाखवतील." मी वही नेली होती. उघडली ती पूर्णेच्या पानावर. अठ्ठ्याऐंशी, झेल. समासातली टीपही वाचली.

"आन् झरीचं?" कुणीतरी मागून विचारलं.

"झरीला सामना झालाच नाही," मी म्हणालो. "ते मी लिहिलं होतं."

कडेच्या भिंतीला टेकून बसलेला टांगेवाला, आता पार वाकलेला, मोठ्यानं म्हणाला, "तरीच! शंबर केले आन् टांग्याला बोलावनं कसं न्हाई? लय वर्सं डोस्क्यात होतं बगा. मला वाटलं, मानूस मोठा झाला, इसरला."

लोक हसले, काहींनी डोळे पुसले. मी खाली बसलो. पण मी अर्धंच सांगितलं होतं. त्या पानानं त्याला तुरुंगात धाडलं हे तिथंही सांगायचं राहिलं. तो ते जाणून होता की नव्हता, हे आता कुणाला विचारायचं?

आज ते पान उघडून, खोडरबर घेऊन बसलो. बारा, त्रिफळाचीत, एवढंच लिहायचं आहे. दोनदा उठून अंगणात जाऊन आलो. तो अजून नाबाद आहे.