उतरायला दुसरी जागा

तळ्याभोवतीची अर्धी फेरी झाली तोवर धुकं इतकं दाटलं, की मामा दिव्याच्या खांबाशी थांबले. "पुढचा दिवा दिसतोय का?"

"पुसटसा दिसतोय."

"मग चल."

पुढच्या खांबाशी पुन्हा तेच.

माझे मामा विमान कंपनीत होते, पण विमान त्यांनी कधी चालवलं नाही. जमिनीवर बसून उड्डाण आखायचं, ही त्यांची नोकरी. वाट कोणती, इंधन किती, आणि जायच्या गावी धुकं असलं तर दुसरीकडे कुठे उतरायचं. ती दुसरी जागा ठरल्याशिवाय विमान सोडायचं नाही. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. लग्नाला जातानाही दोन रस्ते ठरवून निघत. मामींना बघायला गेले तेव्हाही म्हणे दुसरं स्थळ हाताशी ठेवलं होतं.

"हिने नकार दिला असता तर तिकडे उतरलो असतो," असं चारचौघांत सांगायचे.

"उतरला असतात हो, पण ठेवून कोणी घेतलं असतं?" मामी स्वयंपाकघरातून.

आता मामी ते सगळं विसरल्या आहेत. कधी कधी मामांनाच विचारतात, तुम्ही कोणाकडे आलात?

"तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही," मामा चालता चालता म्हणाले. "एकदा सकाळच्या विमानाला दुसरी जागा म्हणून मी जवळचाच विमानतळ धरला, नदीपलीकडचा. जवळचा म्हणजे इंधन कमी, साहेब खूश. अंदाजही बरा होता. पण दोन्ही एकाच नदीच्या काठचे. उजाडता उजाडता धुकं दोन्हीकडे एकदमच बसलं. पायलटला इकडे उतरता येईना. तिकडे वळला, तर तिकडेही धावपट्टी दिसेना. मग वायरलेसवर त्याने मला विचारलं, 'आता कुठे?'"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"काही नाही. तोंडच उघडेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि डोंगरापलीकडचं ठिकाण सांगितलं. जेमतेम इंधनावर विमान तिथे उतरलं. कोणाला खरचटलंही नाही."

"देवानेच राखलं, मामा."

"राखलं. पण त्या पायलटचा आवाज कानातून काही गेला नाही. रागावला नव्हता गं तो. घरात पाणी कुठे ठेवलंय विचारावं, तसं विचारलं. हल्ली तुझी मामी चपला घालून दारात उभी राहते आणि विचारते, 'आता कुठे?' तसंच, त्याच सुरात. मी हातातलं काम धरून तसाच उभा राहतो."

पुढच्या आठवड्यात मामांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नव्हती. मी म्हटलं, "वरच्या मजल्यावर दादा आहे, वहिनी आहे. मामींना ते बघतीलच की."

"आईने ओळखलं नाही की तो जिन्यातूनच परत फिरतो. डोळे पुसून वर जातो. चांगला आहे पोरगा, पण मी गेलो तर त्याला स्वतःलाच काही दिसणार नाही. जवळ आहे म्हणून त्याला धरू? एकदा धरून बघितलंय."

ते माझ्याकडे का बघताहेत ते कळलं. माझं घर तीन तासांवर. दोन खोल्या, त्यातल्या एकीत अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. तरी मनात देवाचं नाव घेऊन मी तोंड उघडलं.

"थांब," मामा म्हणाले. "लगेच हो म्हणू नकोस. तू हो म्हणशील हे मला माहीत आहे, त्याचीच भीती वाटते. नाही म्हणालीस तर मला अजून दुसरीकडे बघायला वेळ आहे. घरी जा. खोल्या बघ, सासूबाईंना विचार, जावईबापूंना विचार. आणि ऑपरेशनच्या आधी मला तुझ्याकडचं हवामान सांग. पण खरं सांग."