देवबागची वस्तीची गाडी

मालवणात रंगीत टीव्हीचं नवल होतं, तेव्हाची गोष्ट. गंगाराम कंडक्टरचं घर, बायकापोरं सगळं कणकवलीकडे, पण पत्ता विचारला की तो बेधडक सांगायचा, "देवबाग!" मालवणहून संध्याकाळी सुटणारी एसटी रात्री देवबागला वस्तीला असायची. गाडी माडाखाली झोपायची, गंगाराम शेवंतीच्या पडवीत. शेवंती मासे विकायची. सकाळी तिच्यासकट साऱ्या बायकांच्या पाट्या गंगाराम टपावर अशा हळुवार चढवायचा, की एखादीला वाटावं, आपल्या नवऱ्यानं आपल्याला इतकं कधी जपलं नाही.

दिवाळी सरली आणि एसटीचा संप सुरू झाला. मालवणच्या एका शेटनं लगेच मिनीबस आणली. खिडक्यांना पडदे, आत टेपरेकॉर्डर! वर बातमी अशी, की संपात ही भरून धावली तर देवबागचा रस्ता कायमचा शेटला मिळणार. गंगाराम संपातही घरी न जाता शेवंतीच्या पडवीतच मुक्काम ठोकून राहिला. नोकरी गेली नसती, पण देवबाग गेलं असतं.

पहिल्याच सकाळी शेट मिनीबसच्या दारात उभा राहिला. "माशांच्या पाट्या चढवायच्या नाहीत. पडद्यांना वास लागतो."

शेवंतीनं पदर खोचला. "शेटानू, रात्री बांगड्याचा तिकला जेवतास, तेवां वास खंय जाता?"

शेट काच वर करून बसला. बायका पाट्या घेऊन थेट किनाऱ्यावर गेल्या. लवू होडीवाला जाळं विणत होता, त्याला उठवलं. मग मास्तर आले, पोस्टमन आला. शेवंतीच्या तोंडाला लागण्यापेक्षा समुद्र बरा, असं ज्याला त्याला वाटलं. गर्दी बघून गंगारामला राहवेना. लेंग्यावरच तो होडीत चढला आणि सवयीनं ओरडला, "चला, फुडे सरका, फुडे सरका! मागे जागा करा!"

इतक्या वर्षांचे त्याचे प्रवासी ते. सगळे निमूट पुढे सरकले. होडीची पुढची नाळ पाण्यात गेली, मागची बाजू वर आली, आणि लवू वल्ह्यासकट आकाशात.

"अरे गंगाराम! ही होडी आसा, येष्टी नाय! बुडवतंस रे सगळ्यांका!"

"मागे सरका!" गंगाराम किंचाळला. जन्मात पहिल्यांदाच. मास्तरांचं धोतर भिजलं, दोन बांगडे समुद्रात परत गेले, पण होडी मालवणला लागली.

युनियनवाल्यानं धक्क्यावरच गंगारामला गाठलं. "संपात काम करतोस?"

"काम नाय ओ, खोड आसा ती."

तेव्हापासून रोज होडी भरून जायची आणि मिनीबस रिकामी गाणी म्हणत जायची. शेवटी शेटनं पाट्यांना परवानगी दिली. स्वतः किनाऱ्यावर सांगायला आला. शेवंती म्हणाली, "नको ओ, तुमच्या पडद्यांका वास लागात." होडीभर हशा पिकला. शेटनं मिनीबस लग्नाच्या वऱ्हाडांना लावली.

संप मिटला, आणि देवबागची गाडी एसटीकडेच राहिली. संध्याकाळी ती आली, तेव्हा बायकांनी तिला अबोलीची वेणी बांधली, ड्रायव्हरला समोरचं दिसेना इतकी मोठी. सकाळी टपावर पाट्या, आत सगळं देवबाग. कधी नव्हे तो लवूही तिकीट काढून बसला होता. गंगारामनं छाती भरून श्वास घेतला आणि आरोळी ठोकली, "चला, फुडे सरका!"

लवूनं दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरली. "कोणी हलू नकात रे! बुडतली!"

गंगारामनं हसत हसत डबल बेल मारली.