तीन क्रेडिट कमी

डॉ. भास्कर दिघे यांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं पेशंटच्या नावाची पर्ची लिहिते. देवासला देवीच्या टेकडीच्या खाली, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आहेत. बाहेर बाकं आणि माझं टेबल, आत डॉक्टरसाहेब. त्यांचा जन्म धारचा. इंदूरला एम.बी.बी.एस. झाले आणि मांडूच्या वाटेवरच्या एका सरकारी दवाखान्यात सहा वर्षं काढून इथे आले. पुढची डिग्री घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "मी घरचा डॉक्टर. ज्याला काय झालंय तेच कळत नाही, तो माझ्याकडे येतो."

वय अडुसष्ट. सकाळी पूजा उरकून साडेनऊला येतात, आधी हात धुतात, मग टेकडीकडे बघून एकदा हात जोडतात आणि मला म्हणतात, "इंदिराबाई, सोडा पेशंट."

या जानेवारीत त्यांना मेडिकल कौन्सिलचा मेल आला. रजिस्ट्रेशन नवं करून घ्यायचं होतं. त्यासाठी पाच वर्षांत तीस क्रेडिट झालेले हवेत, आणि कागद एकतीस मार्चच्या आत कॉम्प्युटरवर चढवायचे. क्रेडिट म्हणजे काय ते त्यांनीच मला सांगितलं. डॉक्टर झाल्यावरही शिकत राहायचं, व्याख्यानं ऐकायची, त्याचे तास मोजतात.

"मग आपले किती आहेत?" मी विचारलं.

"भरपूर," ते म्हणाले. "साठच्या वर निघतील."

घरून त्यांनी फाईल आणली. त्यांच्या पत्नी विनोदिनीवहिनी, त्यांनी एकेक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला होता. दर नवरात्रात डॉक्टरसाहेब टेकडीच्या पायऱ्यांशी नऊ दिवस शिबिरात बसतात. चढताना कुणाला चक्कर येते, कुणाचे पाय सोलवटतात. त्या नऊ दिवसांचं प्रमाणपत्र, त्यावर तास लिहिलेले. शाळेतली तपासणी, रक्तदान, धारला समाजाच्या मेळाव्यातली तपासणी, सगळ्यांची प्रमाणपत्रं, काहींवर शाल-श्रीफळाचा उल्लेख. डॉक्टरसाहेबांना खरंच वाटत होतं की हे सगळं तिकडे धरतात. मलाही वाटत होतं. डॉक्टरकीचं काम डॉक्टरनं केलं, समितीनं सही-शिक्का दिला, आणखी काय हवं?

त्यांनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडचा बाबू भला माणूस होता. सगळं ऐकून घेतलं.

"सर, ये तो सेवा हुई," तो म्हणाला. "क्रेडिट सेवा का नहीं, पढ़ाई का मिलता है."

डॉक्टरसाहेबांनी फाईल चाळून चाळून इंदूरच्या जुन्या सभांचे चार कागद काढले. ते चालले. आठ क्रेडिट झाले. बावीस राहिले, आणि हातात अडीच महिने.

वहिनी म्हणाल्या, "सोडा ना आता. मेधा बोलावते आहे पुण्याला. लेकीकडे जाऊन राहू."

"रजिस्ट्रेशन गेलं तर पुण्यालाच जाईन," डॉक्टरसाहेब म्हणाले. "पण पेशंटला सांगू काय? नापास झालो म्हणून?"

फेब्रुवारीत इंदूरला एका हॉटेलात दिवसभराची सभा होती, सहा क्रेडिटांची. मोबाईलवर ती क्यूआरची चौकट दाखवून हजेरी लावायची, सकाळी एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा. दोन्ही झाल्या तरच क्रेडिट. त्यांना ते मोबाईलचं जमत नाही म्हणून मी बरोबर गेले. सकाळची हजेरी लावली. ते पहिल्या रांगेत बसून वहीत लिहून घेत होते. जेवणातही त्यांनी एका तरुण डॉक्टरणीला गाठून दम्याच्या नव्या औषधाचं विचारलं. एवढं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तीन वाजता माझा फोन वाजला. पीपलरावां गावचे मानसिंगराव, आमचे जुने पेशंट, त्यांची सून बोलत होती. "बाबूजींच्या छातीत दुखतंय. घाम फुटलाय."

मी फोन डॉक्टरसाहेबांना दिला. ते म्हणाले, "मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ता. मी सांगतोय."

"ते हलत नाहीत हो. म्हणतात, भास्करराव हात लावतील तेव्हाच हलेन."

डॉक्टरसाहेबांनी घड्याळाकडे बघितलं, व्यासपीठाकडे बघितलं. वही मिटली. मी म्हटलं, "साहेब, दोन तासांचा प्रश्न आहे."

"इंदिराबाई, प्रश्न छातीचा आहे," ते म्हणाले आणि उठले.

सूनबाईंनी त्यांना कसंबसं गाडीत घालून देवासला दवाखान्यापर्यंत आणलं होतं. आम्ही पोचलो तर मानसिंगराव बाकावर आडवे. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, परत तपासलं. मग विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"कुछ ख़ास नहीं. थोडे गराडू."

"थोडे म्हणजे?"

सूनबाई म्हणाल्या, "दोन प्लेट. कंदाच्या तळलेल्या फोडी. वरून नमकीन."

डॉक्टरसाहेबांनी गोळी दिली. मानसिंगरावांनी ढेकर दिला आणि म्हणाले, "देखा? मैं बोला था ना, भास्कररावांचा हात लागला की आराम पडतो." मला एवढा राग आला की मंदिरातसुद्धा आवरला नसता. डॉक्टरसाहेब मात्र हसले. सहा क्रेडिट गराडूत गेले.

मग उरलं कॉम्प्युटरवरचं शिक्षण. एका संस्थेच्या साईटवर व्याख्यानं होती, एका तासाला एक क्रेडिट. व्याख्यान चालू असताना दर दहा मिनिटांनी पडद्यावर विचारतात, आपण उपस्थित आहात का? तिथे बटण दाबायचं. नाही दाबलं तर सगळं पहिल्यापासून. शेवटी प्रश्न. आणि पेशंट तर यायचेच. डॉक्टरसाहेब कुणाच्या घशात बघत असायचे आणि तिकडे व्याख्यान बंद पडायचं. एक व्याख्यान त्यांनी चार वेळा पहिल्यापासून ऐकलं. पेशंटसुद्धा सामील झाले. "डॉक्टरसाब, वो आपको बुला रहा है," म्हणून सांगायचे. कुणी म्हणालं, "भिया, बटन तो हम दबा दें." त्यावर ते म्हणाले, "शिकायचं मी आणि बटण दाबायचं तुम्ही? मग औषधही तुम्हीच लिहा."

असं करत मार्चच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत एकोणीस झाले. आठ आणि एकोणीस, सत्तावीस. राहिले तीन. त्या साईटवर एकच धडा उरला होता, मधुमेहात पायाची काळजी, तीन तासांचा, बरोबर तीन क्रेडिटांचा. दुसरीकडची प्रमाणपत्रं पंधरा दिवसांनी येतात, म्हणजे ती उपयोगाची नव्हती.

तीस तारखेला दुपारी त्यांनी तो लावला. वीस मिनिटं झाली असतील. कारखान्यातला एक कामगार बोट कापून आला, रुमाल लाल झालेला. डॉक्टरसाहेब टाके घालायला आतल्या पडद्यामागे गेले. त्याच्यामागून एक तापाचं मूल, मग तीन तास रांगच, शेवटी एक बाळंतीण. मी बाहेर माझ्या टेबलावरून त्यांच्या कॉम्प्युटरकडे बघत होते. कॉम्प्युटरवर चौकट आली. आपण उपस्थित आहात का?

मी उठले आणि दाबलं.

देवीसमोर खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते, मी ते सोळा वेळा दाबलं. शेवटी दहा प्रश्न आले. हिंदी निवडायची सोय होती. मला वाटलं, राहू दे, ते येऊन सोडवतील. पण पंधरा मिनिटांचं घड्याळ चालू झालं होतं, आणि आत बाळंतीण रडत होती. मीच सोडवले. पाय रोज बघावेत का, अनवाणी चालावं का, नख कसं कापावं. अठरा वर्षं पर्ची लिहिताना आतून जे ऐकू येतं, तेच विचारलं होतं. सात बरोबर आले. पडद्यावर त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र आलं.

मला आनंद झाला होता, हेही खरं.

ते हात पुसत बाहेर आले. पडदा बघितला.

"हे मी ऐकलेलं नाही, इंदिराबाई."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही रोज तेच तर सांगता लोकांना."

"मी सांगतो ते जुनं. नवं काय आलंय ते ऐकायचं होतं."

रागावले नाहीत. बसले आणि धडा परत उघडायला लागले. उघडेना. आपण हा कोर्स पूर्ण केलेला आहे, असं यायचं. एका रजिस्ट्रेशन नंबरावर एकदाच. संध्याकाळी संस्थेला फोन केला. एक मुलगी बोलली.

"सर, सर्टिफिकेट तो आ गया न?"

"आया. पर मैंने कोर्स किया नहीं."

"सर, सिस्टम में कम्प्लीट है."

"वही तो. उसको निकाल दीजिए, मैं फिर से करूँगा."

"सर, आपको क्रेडिट मिल गए हैं. फिर प्रॉब्लम क्या है?"

तीन वेळा समजावलं. ती तीन वेळा नम्रपणे हेच म्हणाली. एकतीसला सकाळी परत, दुपारी परत. मी वहिनींकडे गेले, रडले. संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, चढवा तो कागद. कुणाला कळणार आहे?"

"मला," ते म्हणाले. "आणि इंदिराबाईंना उगाच आयुष्यभर ओझं."

सत्तावीस क्रेडिट चढवून त्यांनी अर्ज पाठवला. दुसऱ्या दिवशी त्या बाबूला फोन केला. तो हळहळला. "अर्जी पेंडिंग रहेगी, सर. समिती बैठेगी तब देखेंगे. तब तक कोई दवा लिखिएगा मत."

समिती कधी बसेल ते त्यालाही माहीत नव्हतं.

आता दवाखाना उघडतो, कारण घरी त्यांना चैन पडत नाही. मी दारात बसून सांगते, डॉक्टरसाहेब तपासत नाहीत, चौकातल्या दवाखान्यात जा. काही जातात. मानसिंगराव परवा आले आणि सरळ आत जाऊन बसले.

"तपासायला कोण म्हणतंय? चाय पिऊ."

चहा झाला. मग त्यांनी सवयीनं बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला, नाडी बघायला. डॉक्टरसाहेब त्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि म्हणाले, "मानसिंगराव, चौकात जाऊन या. इंदिराबाई येतील तुमच्याबरोबर."

मी चप्पल घातली.