पावण्यांचं प्रमेय

रशियातला तो गणिती एका सत्रासाठी कोल्हापुरात आमच्या कॉलेजात आला, तेव्हा मी तिथं गणित शिकवत होते आणि माझी पीएच.डी. एका पायरीवर अडून बसली होती. नव्वदीची सुरुवात होती. त्याचा देश मोडला होता, संस्थेतला पगार थांबला होता, आणि जिथून बोलावणं येईल तिथं तो बॅग उचलून जात होता. त्याचा विषय टोपॉलॉजी, त्यातही गाठींचं गणित. लहानपणी वडलांच्या होडीवर दोर बांधता बांधता त्याला गाठींचं वेड लागलं. दोन गाठी खरंच वेगळ्या, की एकच गाठ नुसती ओढूनताणून वेगळी दिसतेय, हे ओळखायचं प्रमेय त्यानं तरुणपणी मांडलं होतं. त्याचं नाव झालं ते त्या प्रमेयावर, आणि माझा प्रबंधही त्याच्यावरच उभा होता.

तो जायच्या आदल्या दुपारी हॉलच्या फळ्यावर आम्ही दोघं भिडलो आणि माझी पायरी सुटली! फळा भरेपर्यंत अंधारून आलं. माझ्या गावची, कोडोलीची शेवटची एसटी सुटायला आली होती. सकाळी उतरवून घेऊ म्हणून ‘पुसू नये’ असं ठळक लिहिलं आणि पळाले. घरी जिवाला चैन नाही. सकाळी पहिल्याच गाडीनं परत आले.

हॉलच्या दारात रांगोळी. फळ्यावर रंगीत खडूंनी ‘हार्दिक सत्कार’ आणि दोन्हीकडं दोन मोर. आमच्याकडं सत्कार म्हटला की फळा सजवायचाच. वनस्पतीशास्त्राचे सर हात झटकत उभे होते.

“बघा की मॅडम, कसा झालाय!”

“अहो सर, इथं माझं गणित होतं!”

“व्हय, दिसलं की. ‘पुसू नये’ बी वाचलं. पण पावण्यांच्या सत्काराला फळा तसाच गिचमिड ठेवायचा व्हय? बरं दिसतंय का ते?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाहुणा संध्याकाळी निघणार, आणि त्याला तर फेटा बांधायला बसवलेलं. तसंच जाऊन सांगितलं. तो खो खो हसला, फेटा सांभाळत उठला, खडू घेतला आणि मोरांच्या खाली, कडेकडेनं सगळं पुन्हा लिहू लागला. मीही लिहायला लागले.

“मोराला हात लावू नका हां!” सर मागून ओरडले.

जागाच उरली नव्हती. शेवटच्या दोन गाठी मी पिसाऱ्याखाली चेपून काढल्या आणि हात थांबला. चेपल्यावर एक पदर दुसऱ्याखालून अलगद सरकत होता. दोन्ही गाठी एकच होत्या! त्याचं प्रमेय मात्र त्यांना वेगळ्या म्हणत होतं.

“परत काढा,” तो इंग्रजीत म्हणाला. मी परत काढल्या. तेच. त्यानं फळ्यावर बोट ठेवून तो पदर स्वतः सरकवून बघितला.

तेवढ्यात माईक सुरू झाला, त्याला मंचावर नेलं. प्राचार्य मानपत्र वाचायला लागले, “ज्यांच्या प्रमेयानं गाठींचं कोडं कायमचं सोडवलं...” हॉलभर टाळ्या. त्यानं वाकून शाल घेतली, नारळ घेतला. मला तिथं बसवेना आणि उठताही येईना.

खाली येऊन तो शेजारी बसला. “ही चूक तुम्ही लिहा. तुमच्या नावानं.”

“सर, मी नाही लिहिणार.”

“मग दुसरं कुणीतरी लिहील. तुम्ही लिहिलेलं वाचायला मला बरं वाटेल.”

मी लिहिलं. पीएच.डी. मिळाली ती त्या लेखावरच. त्यानंतर त्याला फारशी बोलावणी येत नाहीत, असं कानावर आलं.

माझा सत्कार त्याच हॉलमध्ये झाला. सरांनी हौसेनं तेच दोन मोर काढले होते. एका रशियन पंडिताला मी कसं चूक ठरवलं, ते प्राचार्य रंगवून सांगत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. शाल अंगावर पडली तशी मी ढसाढसा रडले. आनंदानं रडतेय म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.